मथुराताईंचा वीर हंसराज

दरवर्षी तृतीय वर्षाच्या मुलांना सर्जनशील लेखनाचा प्रकल्प द्यायची वेळ जवळ आली की माझं डोकं आठवडाभर आधीच दुखायला लागतं. त्याचं कारण प्रकल्प नाही. कारण एक बाई आहे, आणि ती पास होऊन बाहेर पडल्याला आता काही वर्षं झाली तरी ते दुखणं गेलेलं नाही.

मी पनवेलच्या एका कॉलेजात मराठी शिकवते. वर्गात विशी-एकविशीची मुलं असतात, अर्धी मोबाइलमध्ये, अर्धी खिडकीबाहेर. त्यांची मला सवय होती. मथुराताई घरतांची सवय व्हायला मला कुणी वेळच दिला नाही. पहिल्या दिवशी पंचावन्नच्या आसपासची एक बाई पहिल्या बाकाच्या बरोबर मधोमध येऊन बसली. काठापदराची साडी, कोपरापर्यंत सोन्याच्या बांगड्या, आणि गुडघे दुखतात म्हणून पायात मुलाचे स्पोर्ट्स शूज. मला वाटलं कुणाची तरी आई चुकून वर्गात आली. मी काही विचारायच्या आत त्यांनीच मला विचारलं, "मॅडम, तुमचा आवाज मागं जातो का?" आणि उत्तराची वाट न बघता वळून मागच्या बाकांना म्हणाल्या, "गप बसा रे सगले, मॅडमचा आवाज बारीक हाय."

त्या दिवसापासून वर्ग त्यांचा झाला. मी फक्त शिकवायची.

द्रोणागिरीच्या बाजूला त्यांचं गाव. पूर्वी घरची भातखाचरं होती, थोडी मिठागरं होती. ती सगळी बंदरासाठी आणि गोदामांसाठी गेली, आणि घरतांनी खडी-रेतीचा धंदा सुरू केला. धंदा मथुराताई बघायच्या. डंपर, ड्रायव्हर, बिल्डर, सगळ्यांशी त्याच बोलायच्या, आणि पुष्कळदा माझ्या तासालाच बोलायच्या. मी काव्यातला करुण रस समजावत असायची आणि पहिल्या बाकावरून आवाज यायचा, "पलस्प्याला दोन गाड्या टाक, आनि त्याला सांग, काल भिजलेली रेती दिलीस ती मी बघितली." मग फोन उलटा ठेवून माझ्याकडे बघून, "हां मॅडम, करुन."

या वयात बी.ए. कशाला करताय, असं मी एकदा विचारलं.

"सून बी.ए. हाय. बोलता बोलता मदीच इंग्लिश टाकते. मला पन मदीच काय तरी टाकायचा हाय."

त्यांचं प्रत्येक वाक्य "तसा नाय, मॅडम" असं सुरू व्हायचं. मी म्हटलं की अमुक ओवीचा अर्थ असा, की तसा नाय. मी म्हटलं की परीक्षा सोमवारी आहे, तरी तसा नाय. मी शाकाहारी आहे हे कळल्यावर त्यांनी माझ्याकडे आजारी माणसाकडे बघावं तसं बघितलं आणि पुढच्या आठवड्यात माझ्यासाठी खास वांग्याची भाजी आणली. त्यात कोलंबी होती. मी डबा परत केला तेव्हा त्या म्हणाल्या, "तसा नाय, मॅडम, थोडीच हाय."

प्रकल्प होता वीरकथेचा. एक नायक निर्माण करा, त्याच्यापुढे संकट उभं करा, त्याची कसोटी लावा, पंधरा पानांत संपवा. गद्य चालेल, पद्य चालेल. मुलांनी नेहमीप्रमाणे मोबाइलला सांगून नायक तयार करून घेतले. सगळ्यांचे डोळे तेजस्वी, सगळ्यांच्या मुठी वळलेल्या, सगळ्यांची नावं आर्यन. मथुराताईंनी हात वर केला.

"वीर खरा पायजे का खोटा?"

"काल्पनिक. पण वाचणाऱ्याला खरा वाटला पाहिजे."

"मंग खरा घेते, आनि खोटा वाटंल असा लिवते."

मी हो म्हटलं.

दुसऱ्या दिवसापासून माझ्या सकाळी त्यांच्या झाल्या. सहाच्या सुमाराला मोबाइल वाजायचा आणि व्हॉट्सअ‍ॅपवर लांबच्या लांब व्हॉइस मेसेज आलेला असायचा. लिहायचा त्यांना कंटाळा. खडीच्या यार्डात उभं राहून त्या वीरकथा गायच्या. आगरी लग्नात बायका धवले गातात त्या चालीत, वरच्या पट्टीत, आणि पार्श्वभूमीला डंपर मागे घेतानाचा भोंगा. मी अर्धवट झोपेत ऐकायची:

*दर्या बोलला, बाबा, मला वाट दे,*
*हंसराज बोलला, तुजी वाट मागं.*
*दर्या बोलला, मी मोठा हाय,*
*हंसराज बोलला, मी उबा हाय.*

त्यांच्या वीराचं नाव हंसराज. खारजमिनीतला शेतकरी. उधाणाच्या भरतीला समुद्राचा बांध फुटतो, त्या फुटीला आमच्याकडे खांड म्हणतात, आणि हंसराज त्या खांडीत पाठ लावून बसतो. समुद्र विनवण्या करतो, हा हलत नाही. इथवर ते सुरेख होतं, आणि मी तसं सांगितलंही. तीच माझी चूक. कौतुक केलं की मथुराताईंना जोर चढायचा. पुढच्या आठवड्यात हंसराजनं कर्नाळ्याच्या रानात वाघ धरला. त्याच्या पुढच्या आठवड्यात उरणच्या खाडीत एक कंटेनरचं जहाज दोर लावून ओढलं.

"मथुराताई, ही जुन्या काळातली कथा आहे ना? तेव्हा कंटेनर कुठले?"

"तसा नाय, मॅडम. आमची जमीन त्या कंटेनरमंदी गेली. त्यानं येकदा तरी त्याला ओढलाच पायजे."

व्हॉइस मेसेज ऐकून टाइप करायचं काम सुनेकडे होतं. ती शिकलेली, नीटनेटकी मुलगी. टाइप करता करता ती 'हाय'चं 'आहे' करायची, 'नाय'चं 'नाही' करायची. त्यावरून घरात भांडण होऊन ते माझ्या स्टाफरूमपर्यंत आलं. दोघी माझ्या टेबलासमोर उभ्या. सून म्हणाली, "मॅडम, प्रमाण भाषेत नको का?" सासू म्हणाली, "वीर कदी 'आहे' बोलतो काय? समुद्र त्याला घाबरंल?" मी बोलीतच राहू द्या असं सांगितलं. सून आठवडाभर माझ्याशी बोलली नाही, आणि त्यानं माझा काहीही तोटा झाला नसता, पण प्रिंट तिच्याच हातात होत्या.

पानं वाढत चालली. मी कापायला सांगितलं की दोन पानं जास्त यायची. पण माझा खरा वैताग वेगळाच होता. हंसराज कशालाच घाबरत नव्हता. वाघ आला, गेला. जहाज आलं, गेलं. वाचताना एकदाही वाटायचं नाही की याचं आता काय होणार. एका तासाला मी सगळ्यांसमोर ते बोलले.

"मथुराताई, जो घाबरतच नाही त्याला धैर्य कशाला लागतं?"

"तसा नाय, मॅडम. घाबरायला बाकीचा गाव हाय ना."

"एकदाच. पाणी अंगावर येताना त्याला एकदा मागे वळून बघू दे. मला त्याची काळजी वाटू दे."

"तो नाय बगनार."

"का पण?"

वर्गात त्यांच्या गावाकडची दोन-तीन मुलं होती. ती एकमेकांकडे बघून हसली. मथुराताईंनी ते पाहिलं. पर्स उचलली आणि फोन आलेला नसताना फोन कानाला लावून बाहेर गेल्या. इतक्या महिन्यांत वर्ग पहिल्यांदा माझा होता, आणि मला पुढे काय शिकवायचं ते आठवेना.

त्यानंतर थोड्या दिवसांनी त्यांनी मला घरी जेवायला बोलावलं. मी दोनदा टाळलं. तिसऱ्यांदा त्यांनी विचारलंच नाही, गाडी पाठवली. तीन मजली घर, पायऱ्यांना संगमरवर, आणि ओटीवर लसूण सोलत बसलेला एक बारीक, पांढऱ्या केसांचा माणूस. मला वाटलं घरगडी असेल. मथुराताई म्हणाल्या, "हे आमचे हे. हसुराम." तो माणूस उठून उभा राहिला, लसणाची टरफलं मुठीत धरून नमस्कार केला आणि पुन्हा बसला.

जेवायला पानं घेणार इतक्यात यार्डातून फोन आला की एक डंपर चिखलात रुतलाय. "ड्रायव्हर हाय का डोलकर हाय तो," असं म्हणत मथुराताई तशाच बाहेर पडल्या. आम्ही दोघं राहिलो. बराच वेळ ते लसूण सोलत राहिले. मग मान वर न करता म्हणाले,

"मॅडम, त्या गोष्टीतला हंसराज म्हंजे मी हाय."

मी हसले, कारण मला वाटलं ते गंमत करतायत.

"रोज सकाली ती गाते ना, मला ऐकू येतो. समदा ऐकलाय मी. पन मी पलालो होतो, मॅडम."

मग त्यांनी सांगितलं. लग्न होऊन महिनासुद्धा झाला नव्हता. गावात बांधाच्या राखणीची पाळी असायची, आणि त्या दिवशी पाळी हसुरामांची होती. दुपारची उधाणाची भरती. बांधाच्या पोटातून पाणी पाझरताना त्यांना दिसलं. ओरडून गाव गोळा करायचा, एवढंच त्यांचं काम.

"तोंडातून आवाजच नाय आला. आनि पाय चालायला लागले. मी नाय चालवले. चालत गेलो, मंग येका ट्रकमंदी बसलो. पलस्प्याला उतरलो, तिथं टपरीवर बसून रायलो."

"मग गावात काय झालं?"

"खांड पडली. हिनं बघितला. ही भाकरी घेऊन माज्याकडंच येत होती. हिनं बायका गोला केल्या. पुरुष मिठागरात होते, ते यायच्या आत ही त्या खांडीत उबी होती, कमरेपर्यंत. नवी नवरी. बायका चिखल देत होत्या, ही लावत होती." त्यांनी लसणाची पुढची पाकळी उचलली. "तरी अर्ध्या गावाची शेतं खारी झाली. भात नाय पिकला दोन-तीन वर्षं. माज्या पालीला."

"आणि तुम्ही?"

"दुसऱ्या दिवशी परत आलो. कुनी काय बोलला नाय. मंग हलूहलू बोलायला लागले. लग्नात जेवायला बसलो की कुनीतरी बोलतोच, हसुराम, पानी आयला रं. समदे हसतात. मी पन हसतो. मला सवय झाली, मॅडम. तिला नाय झाली."

आता माझ्या ध्यानात आलं की वर्गातली ती मुलं का हसली होती.

"तुमी तिला सांगा," ते म्हणाले. "तुमी मास्तरीन हाय, तुमचा ऐकंल. मला एवढा मोठा करू नको म्हनावा. कालेजात वाचतील, गावची पोरं हायत. आजून हसतील."

मथुराताई माझं कधीच ऐकत नाहीत, हे त्या भल्या माणसाला कसं सांगायचं ते मला कळेना. तेवढ्यात त्या आल्याच, पायाला चिखल, आणि आल्या आल्या आमच्या दोघांच्या तोंडाकडे बघितलं. जेवताना त्या नुसत्या माझ्या पानात वाढत राहिल्या. मला घरी सोडायला स्वतः गाडीत बसल्या, आणि पनवेल जवळ येईपर्यंत खिडकीबाहेर बघत होत्या.

"सांगितला त्यानं."

"हो."

"त्याला काय कलत नाय." मग थोड्या वेळानं, "तुमी बोललात, भीती घाला. माज्या घरात तेवडी येकच गोष्ट पयल्यापासून हाय, मॅडम. बाकी सगला नंतर आला."



त्यानंतर त्या वर्गात येईनाशा झाल्या. व्हॉइस मेसेज बंद. मला सकाळी सहाला जाग यायची आणि मोबाइल गप्प असायचा, याचाही मला राग यायला लागला. सुनेला फोन केला तर ती म्हणाली, "त्या मलाही काही सांगत नाहीत, मॅडम. नुसतं यार्डात जातात आणि पप्पांशी भांडतात."

प्रकल्प द्यायच्या शेवटच्या दिवशी, ऑफिस बंद होता होता, त्या आल्या. सोबत हसुराम, काखेत जाडजूड बांधलेली प्रत.

"मथुराताई, पंधरा पानं सांगितली होती."

"तसा नाय, मॅडम. कापला नाय. वाढवला."

तोंडी परीक्षेला बाहेरून एक परीक्षक आले होते, सौम्य, थकलेले गृहस्थ. त्यांनी ती प्रत हातात तोलून बघितली आणि माझ्याकडे दयेनं पाहिलं. मग शेवटचं प्रकरण उघडून वाचत राहिले. बराच वेळ वाचत होते. हसुराम दाराबाहेर भिंतीला टेकून उभे होते.

"बाई," परीक्षक म्हणाले, "सुरुवातीला हा समुद्र अडवतो. वाघ धरतो. आणि शेवटी तुम्ही म्हणताय की हे सगळं लोकांनी रचलेलं गाणं, खरा हंसराज त्या दिवशी पळाला. मग तो वीर कसा?"

"तो दुसऱ्या दिवशी परत आला, सर."

"हो, पण परत येण्यात काय पराक्रम?"

"तुमी आला असता?"

परीक्षकांनी चष्मा काढून पुसला. "माहीत नाही," ते म्हणाले.

"मंग," मथुराताई म्हणाल्या, आणि परीक्षा संपली असं त्यांनीच ठरवून उठल्या.

लांबी वाढवल्याबद्दल त्यांचे गुण कापले गेले. त्यावरून त्यांनी माझ्याशी दोन दिवस वाद घातला, तो मी इथे लिहीत नाही. पण निवडक प्रकल्प वार्षिक संमेलनात वाचायचे असतात, आणि परीक्षकांनी त्यांचं नाव पहिलं लिहिलं होतं.

संमेलनाच्या दिवशी सभागृह भरलेलं होतं. त्यांच्या गावाकडची पोरं मागे उभी. हसुराम शेवटच्या रांगेत, सुनेच्या शेजारी, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून. मथुराताईंनी माइक बाजूला सारला आणि गायला सुरुवात केली. फक्त शेवटचं प्रकरण.

*हंसराज पलाला, वीर पलाला,*
*मागं दर्या हसला, फुडं रस्ता हसला.*

मागून एक आवाज आला, "पानी आयला रं." पोरं हसली. काही मोठी माणसंही हसली. आणि सवयीप्रमाणे हसुरामही हसले, मी बघितलं.

मथुराताई थांबल्या. रागावल्या नाहीत, कुणाला गप बसा म्हणाल्या नाहीत. हसणं पूर्ण संपेपर्यंत त्या तशाच उभ्या राहिल्या. मग पुन्हा त्याच ओळीपासून सुरुवात केली. हंसराज पलाला, वीर पलाला. पुन्हा कुणी तरी खुसखुसलं. त्या पुन्हा थांबल्या, पुन्हा तिथूनच. तिसऱ्या वेळी कुणी हसलं नाही. तेव्हा त्या पुढे गेल्या.

*सकाल झाली, गाव बांदावर बसलेला,*
*सगल्यांचे हात चिखलाचे, त्याचे हात कोरडे.*
*कोरडे हात घेऊन हंसराज गावात आला,*
*कुनी बोलावला नाय, तरी आला.*
*खारा भात खाल्ला, सगल्यांच्यात बसून खाल्ला,*
*जल्मभर खाल्ला, उठून गेला नाय.*

टाळ्या पडल्या, नाही असं नाही, पण मथुराताईंचं तिकडे लक्ष नव्हतं. त्या शेवटच्या रांगेकडे बघत होत्या. हसुराम खाली मान घालून बसले होते. सुनेनं त्यांच्या हाताखाली आपला हात घातला होता. मी स्टेजच्या बाजूला उभी होते, आणि पुढच्या मुलाचं नाव पुकारायचं विसरून गेले. ते मथुराताईंनीच पुकारलं, चुकीचं.

निकाल लागला, त्या पास झाल्या, आणि माझ्या सकाळी मला परत मिळाल्या.

त्या मला शेवटच्या दिसल्या त्या पळस्प्याला. मी रिक्षानं येत होते. गोव्याचा रस्ता फुटतो तिथे वाहनं अशी काही अडकली होती की कुणीच कुठे सरकेना. पुढे जाऊन बघून आलेला रिक्षावाला म्हणाला, "एक बाई मध्येच उभी राहून गाड्या सोडतेय." मी न बघताच ओळखलं. वाकून बघितलं तर चौकाच्या मधोमध मथुराताई, हात उंचावून एका ट्रेलरला मागे घ्यायला लावत होत्या. ट्रेलरचा ड्रायव्हर खाली उतरला, चांगला धिप्पाड, आणि त्यांच्या तोंडासमोर हात नाचवून ओरडायला लागला. मथुराताई एक पाऊलही मागे सरल्या नाहीत, पण आवाज त्याचा मोठा होता.

तेव्हा त्यांच्या पांढऱ्या गाडीचं दार उघडून हसुराम उतरले. चालत आले, घाईनं नाही, आणि बायकोच्या शेजारी जाऊन उभे राहिले. त्यांचे पाय थरथरत होते, ते मला रिक्षातून दिसत होतं. ड्रायव्हर त्यांच्यावर ओरडला. ते उभेच होते. शेवटी ड्रायव्हर शिव्या घालत वर चढला आणि ट्रेलर मागे घेतला.

रस्ता सुटला. आमची रिक्षा त्यांच्या शेजारून जाताना मी हात केला. मथुराताईंनी माझ्याकडे बघितलं, ओळखलं, आणि ओरडल्या, "मॅडम, थांबू नका मदी, फुडं घ्या."

रिक्षावाल्यानं फुडं घेतली.